मातांचा कैवारी

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. प्रत्येक विभागाचे वार ठरलेले असत. पहिल्या विभागाच्या वारी आलेल्या गोरगरीब स्त्रिया गुडघे टेकून दुसऱ्या विभागात घेण्याची विनवणी करीत. ही भीती निराधार नव्हती. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांमागे सुमारे अकरा माता सूतिकाज्वराने दगावल्या. सुइणींच्या विभागात तिघीही नाहीत.

त्याच वर्षी इग्नाझ सेमेलवाइस पहिल्या विभागात साहाय्यक डॉक्टर झाले. १८१८ साली हंगेरीतील बुडा नगरात जन्मलेला हा तरुण कायदा शिकण्यासाठी व्हिएन्नास आला आणि वैद्यकाकडे वळला होता. दूषित हवेमुळे हा ज्वर येतो, असे वडीलधारे डॉक्टर सांगत. पण हवा तर दोन्ही विभागांत एकच! सेमेलवाइस यांनी स्त्रियांना कुशीवर निजवून प्रसूती करून पाहिली. मरणोन्मुख रुग्णांकडे जाणाऱ्या धर्मगुरूची घंटाही थांबविली. मृत्यू थांबले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातातील शस्त्र त्यांच्या बोटाला लागले होते. त्यांच्या शरीरात आढळलेली लक्षणे मृत मातांसारखीच होती. सेमेलवाइस यांना उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतिगृहात येत. सुइणी शवांना स्पर्शही करीत नसत. आणि मातांच्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी सर्वांत अधिक शवे तपासणारे कोण होते? स्वतः सेमेलवाइस! आपल्या हातांनी किती स्त्रिया अकाली गेल्या हे एक परमेश्वरच जाणे, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या ग्रंथात निःसंकोचपणे दिली. रोगजंतूंचे ज्ञान त्या काळी कोणास नव्हते, हे सबब म्हणून त्यांना पुढे करता आले असते.

मे महिन्यापासून त्यांनी क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला. शवांची दुर्गंधी त्याने जाते, एवढेच त्यांना ठाऊक होते. एप्रिलमध्ये शंभरांमागे अठरा माता मेल्या होत्या, जूनमध्ये दोनच. मात्र ऑक्टोबरात गर्भाशयाचा सडलेला कर्करोग असलेली एक स्त्री दाखल झाली. तिला तपासून हात केवळ साबणाने धुतले गेले आणि त्यानंतर तपासलेल्या बारांपैकी अकरा जणी मरण पावल्या. तेव्हा प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम झाला. विद्यार्थी कुरकुरले, सेमेलवाइस हटले नाहीत.

हे मत मान्य करणे म्हणजे स्वतःचा दोष मान्य करणे होय. बहुतेक मोठ्या डॉक्टरांना ते जमले नाही. १८४९ साली सेमेलवाइस यांची मुदत संपली, ती वाढविली गेली नाही. पुढे पेस्ट नगरातील रुग्णालयात त्यांनी मृत्यूंचे प्रमाण शंभरांत एकाहूनही खाली आणले. पण त्यांचा ग्रंथ उपेक्षिला गेला. संतापून त्यांनी विरोधी प्राध्यापकांना जाहीर पत्रांतून खुनी ठरविले. संताप स्वाभाविक होता. कार्याला मात्र त्याने हानीच पोहोचली.

१८६५ साली मनःस्वास्थ्य ढळल्याने त्यांना व्हिएन्नाजवळील मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे पहारेकऱ्यांनी त्यांना मारहाण केली. जखम चिघळून रक्त दूषित झाले आणि १३ ऑगस्ट रोजी त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्या दिवशी ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी बांधली होती. तो मुलगा बरा झाला.