मचाणावरचा कारपेट साहेब

तूर शेंगांवर आली, हरभऱ्याला घाटे धरले की विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारात जागलीचे दिवस सुरू होतात. रोही आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत एकरभर पीक आडवं करतो. मग बांधावरच्या बाभळीला किंवा कडुनिंबाला चार बल्ल्या बांधून माळा उभा राहतो. खर्च काय, तर काथ्याची दोरी, एखादी जुनी बाज आणि वर फाटकी ताडपत्री. हा माळा कुठल्या झाडावर बांधायचा, किती उंच, तोंड कुठल्या दिशेला, हे घरातलं म्हातारं माणूस सांगतं आणि पोरं तसं करतात. पण या साध्या कलेत ज्याने सगळं आयुष्य घातलं, असा माणूस एकच. कुमाऊंचे डोंगरी लोक त्याला कारपेट साहेब म्हणत. जग त्याला जिम कॉर्बेट म्हणून ओळखतं.

आधी एक गोष्ट सांगितलेली बरी. हरणाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे गुन्हा आहे. तेव्हा इथे जे मचाणाविषयी लिहिलंय ते राखणीसाठी आणि पाहण्यासाठी. कॉर्बेटच्या वेळी हा कायदा नव्हता. चितळ, सांबर मारून घरी आणणं ही त्या भागात रोजच्या जेवणातली बाब होती.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथले पोस्टमास्तर. गोरे असले तरी ते काही बड्या साहेबांपैकी नव्हते. पोरांचं लटांबर मोठं आणि पगार बेताचा. त्यात १८८१ मध्ये वडील वारले, तेव्हा जिम जेमतेम सहा वर्षांचा. आई मेरी जेन हिने हिंमत धरली आणि पुढे थोरल्या टॉमने घर ओढलं. उन्हाळा नैनितालला आणि हिवाळा खाली तराईच्या जंगलाला लागून असलेल्या कालाढुंगीला, असं यांचं बिऱ्हाड फिरायचं. त्या कालाढुंगीच्या रानाने या पोराला घडवलं. शाळेचं नाव घ्यायचं तर घ्या, पण खरी शाळा ती.

त्या शाळेतला एक मास्तर म्हणजे कुंवर सिंग. गावचा ठाकूर आणि पक्का चोरटा शिकारी. सरकारी जंगल त्याने कधी सरकारचं मानलं नाही. या माणसाने जिमला पहिल्यांदा काय शिकवलं असेल? बंदूक नाही. झाडावर चढणं! त्यामागे एक हकीकत होती. कुंवर सिंग आणि त्याचा दोस्त हर सिंग रानात असताना एका वाघाशी गाठ पडली. कुंवर सिंग सरसर झाडावर गेला. हर सिंगला लहानपणापासून झाडावर चढताच येत नव्हतं. तो खोडाला पाठ लावून उभा राहिला आणि वाघाने दोन पायांवर उभं राहून त्याच्या दोन्ही बाजूंनी झाडाची साल ओरबाडायला सुरुवात केली. वरून कुंवर सिंगने हवेत बार काढला तसा वाघ उडी मारून पळाला, पण जाता जाता त्याच्या नखांनी हर सिंगचं पोट फाडलं. आतडी आत सारून, वर पागोटं गुंडाळून दोघे रानातून चालत दवाखान्यापर्यंत आले. हर सिंग जगला आणि म्हातारा होऊन मेला. ही गोष्ट ऐकलेल्या पोराने झाडावर चढण्यात कधी आळस केला नाही.

पहिली बंदूक मिळाली तीही भंगारातली. ठासणीची दुनाळी, तिची उजवी नळी फुटलेली आणि दस्ता पितळी तारेने आवळलेला. म्हणजे बार एकच. एका बारावर काम भागवायचं तर सावजाच्या जवळ जावं लागतं, आणि जवळ जायचं तर रान वाचावं लागतं. गरिबीने त्यांना हे शिकवलं. भेकर भुंकलं, चितळाने शिटीसारखी हाक दिली, सांबर ओरडलं, वानर खोकलं, की कुणाला पाहून आणि कुठल्या दिशेला, हे ते अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकत. मचाणावर बसणाऱ्याचे खरे डोळे म्हणजे ही हरणं. अंधारात माणसाला काही दिसत नाही, पण भेकराला कळतं की बिबट्या नाल्यातून चढतो आहे.

कॉलेजला जायला पैसा नव्हता. विशी गाठायच्या आतच त्यांनी बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत जळाऊ लाकडाचा इन्स्पेक्टर म्हणून नोकरी धरली. पुढे मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचा ठेका घेतला आणि वीस वर्षांच्या वर तिथेच, मजुरांबरोबर, गंगेच्या काठी काढली. नरभक्षकांच्या मागे जायचं ते रजा काढून. सरकारपुढे त्यांची अट असे की इनाम मागे घ्या आणि बाकीच्या शिकाऱ्यांना परत बोलवा. इनामासाठी मारणारा म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाची गोळी लागून मरायचंही नव्हतं.

त्या काळी लाटसाहेबांच्या शिकारीचा थाट बघण्यासारखा असे. अगोदर माणसं जाऊन मचाण बांधायची, त्यावर गाद्या, चढायला शिडी, फराळाचे डबे, आणि पुढून शे-दोनशे हाकेवाले. कॉर्बेटने असे हाके लाटसाहेबांसाठी स्वतः आखून दिले आहेत, ते लपवण्याचं कारण नाही. पण स्वतःवर वेळ आली की त्यांचं मचाण म्हणजे बहुधा झाडाचं बेचकं. फांदीवर बूड टेकवायचं, पाठ खोडाला आणि बंदूक मांडीवर. फार तर आडव्या काठ्या आणि दोरीचे वेढे. १९०७ मध्ये चंपावतच्या वाघिणीमागे गेले तेव्हा पाली गावात तर झाडावरही नाही, झाडाला टेकून जमिनीवरच रात्र काढली. भीतीने दात वाजत होते, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलं. सरकारी नोंदीप्रमाणे त्या वाघिणीने ४३६ माणसं मारली होती.

१९१० सालचा पनारचा बिबट्या मात्र मचाणाच्या अंगाने नीट समजून घ्यावा असा आहे. वाघ झाडावर सहसा चढत नाही, बिबट्या चढतो. हा तर ४०० माणसं खाल्लेला. हाताशी असलेलं झाड बिबट्याला सहज चढता येईल असं, आणि दुसरं सोयीचं झाड नाही. पैसा खर्चून काही होण्यासारखंही नव्हतं. कॉर्बेटने गावकऱ्यांकडून काटेरी झुडपाच्या लांब लांब फांद्या तोडून आणवल्या आणि त्या जाड दोरीने खोडाला घट्ट आवळून बांधायला लावल्या. सगळा भरवसा त्या गाठींवर. खाली बोकड बांधला. टॉर्च नाही. रात्री नळीची दिशा कळावी म्हणून बंदुकीच्या तोंडाशी पांढऱ्या चिंधीची पट्टी बांधली.

अंधार पडल्यावर बिबट्या आला, पण बोकडाकडे गेला नाही. झाडाखाली येऊन त्याने काटेरी फांद्या दातात धरून ओढायला सुरुवात केली. वर कॉर्बेट त्याच फांद्यांची टोकं धरून बसलेले. खालून हिसका बसला की वर झाड हलायचं. हे बराच वेळ चाललं. फांद्या सुटल्या असत्या तर ही कथा सांगायला कुणी उरलं नसतं. शेवटी बिबट्याने नाद सोडून बोकडावर झेप घेतली, आणि पांढऱ्या चिंधीच्या अंदाजाने बार निघाला. बिबट्या जखमी झाला. मग चिडाच्या मशाली घेतलेल्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन ते शोधायला उतरले, बिबट्या अंगावर आला तसे मशालवाले पळाले. त्यांच्या हातून पडलेल्या मशालींच्या उजेडात दुसरी गोळी लागली.

शेताच्या माळ्यालाही यातून घेण्यासारखं बरंच आहे. झाड निवडताना सावली बघू नये, खोड बघावं. वाळकी फांदी कितीही जाड असली तरी तिच्यावर भार टाकू नये. पाठीमागे खोड किंवा दाट पाला हवा, नाहीतर चांदण्यात माणसाची आकृती आभाळावर उठून दिसते. हरिण आणि रोही नाकावर जगतात, म्हणून वारा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. बाजेची सुतळी करकरते, तिच्यावर गोणपाट टाकावं. उंचीचा हव्यास नको. रुद्रप्रयागचं कॉर्बेटचं मचाण वीसेक फुटांवर होतं, तेही बिबट्याच्या धाकाने. नुसत्या राखणीला दहा-बारा फूट पुष्कळ झाले, कारण रात्रीच्या जागलीत माणूस जनावरापेक्षा झोपेने अधिक पडतो.

अमेरिकेत परवाना काढून हरणाची शिकार चालते आणि झाडावर बसायच्या लोखंडी बैठकी दुकानात विकत मिळतात. शिडीची बैठक, खोडाला पट्ट्याने आवळायची, स्वतःला घेऊन खोडावर सरकत चढणारी, असे प्रकार. तिथेही या शिकाऱ्यांना होणाऱ्या दुखापतींत पडण्याच्या खूप, म्हणून अंगाला बांधायच्या पट्ट्याशिवाय चढू नका असं बजावून सांगतात. आपल्याकडे कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक खोडाला, एवढं केलं तरी काम होतं. बैठक स्वस्त घ्यावी, पण दोर स्वस्त घेऊ नये. जुना, उन्हाने खाल्लेला नाडा माळ्याला वापरणं म्हणजे जिवाशी खेळ.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने कॉर्बेटला खरं दमवलं. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेचा रस्ता, आणि १९१८ पासून १९२६ पर्यंत सरकारी आकड्यानुसार १२५ बळी. अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या बुरुजावर कॉर्बेट वीस रात्री बसले. वर चढायला बांबूची शिडी, बसायला उघडा कठडा, आणि नदीवरून येणारा वारा असा की माणूस उडून जाईल. बिबट्या त्या वीस रात्रींत पुलावर आला नाही. एकदा कॉर्बेट आणि त्यांचे मित्र इबटसन झाडावरून उतरून पेट्रोमॅक्सच्या उजेडात परतत होते. वाटेत बत्ती खडकावर आदळली आणि मॅन्टल गेलं. मागे नरभक्षक, पुढे डोंगरातली वाट, हातात काड्यापेटी. शेवटी गोलाबराईजवळ रस्त्याकडेच्या आंब्यावर मचाण बांधलं, खाली गळ्यात घंटा असलेली शेळी. दहा रात्री कोरड्या गेल्या. २ मे १९२६ च्या रात्री घंटा वाजली, टॉर्च क्षणभर लागला, गोळी सुटली आणि टॉर्च विझला. सकाळ होईपर्यंत लागली की नाही हे कळायला मार्ग नव्हता. उजाडल्यावर बिबट्या खालच्या उतारावर मेलेला सापडला.

या यशाच्या गोष्टी आपण वाचतो, पण मचाणावरच्या बहुतेक रात्री फुकट जातात. १९२९ मध्ये तल्ला देसच्या वाघामागे असताना तर त्यांच्या कानात मोठं गळू झालं होतं. जवळून सुटलेल्या रायफलच्या आवाजाने पडदा दुखावला होता. झाडावर बसलेले असतानाच ते गळू फुटलं. असल्या माणसाला हौशी म्हणता येत नाही.

शेवटचा नरभक्षक त्यांनी १९३८ मध्ये ठाकला मारला, तेव्हा वय त्रेसष्ट. पण त्याआधीच हातात सिनेमाचा कॅमेरा आला होता. मचाण तेच, फक्त मांडीवर कॅमेरा. बंदुकीच्या मानाने हे अवघड काम, कारण दिवसाउजेडी आणि फार जवळ बसावं लागतं. १९३६ मध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान हेली नावाने झालं, त्यामागे कॉर्बेटचा आग्रह होता. १९५७ मध्ये त्याला त्यांचंच नाव मिळालं. १९४४ मध्ये त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक निघालं ते आपल्या मुंबईहून, ऑक्सफर्ड प्रेसकडून. त्याच सुमाराला ते नागपूरच्या वरच्या अंगाला छिंदवाड्यात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांना रान वाचायला शिकवत होते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र त्यांचं मोठं काम छोटी हल्द्वानी. १९१५ च्या सुमारास कालाढुंगीजवळ त्यांनी हे ओसाड पडलेलं गाव विकत घेतलं, कुळं वसवली, पाटाचं पाणी आणलं. पण डुकरं, चितळ आणि सांबर पीक ठेवत नव्हते आणि कुळांना रात्रभर माळ्यावर बसावं लागे. मचाणाचा एवढा जाणकार माणूस, त्याने त्यांना अधिक चांगला माळा बांधून दिला नाही. दर वर्षी थोडी थोडी करून गावाभोवती दगडी भिंत घातली. कुळं रात्री घरी झोपू लागली. ती भिंत आजही तिथे बघायला मिळते. आपल्याकडे झटका मशीन आणि काटेरी तारेच्या कुंपणाचा हिशेब करताना हा हिशेब आठवावा. एका माणसाच्या वर्षातल्या शे-दीडशे रात्रींची मजुरी आपण कधी धरतच नाही.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी केनियात न्येरीला राहायला गेले. तिथे उंबराच्या जातीच्या एका प्रचंड झाडावर ट्रीटॉप्स नावाचं लहानसं हॉटेल होतं. खाली पाणवठा, वर बसून हत्ती-गेंडे पाहायचे. म्हटलं तर मचाणच, पण श्रीमंतांचं. फेब्रुवारी १९५२ मध्ये इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ एक रात्र तिथे मुक्कामाला होती आणि सत्तरी ओलांडलेले कॉर्बेट शिडीच्या तोंडाशी राखणीला बसले. त्याच रात्री लंडनकडे राजा सहावा जॉर्ज वारला. १९५४ मध्ये माऊ माऊ बंडखोरांनी ते झाड हॉटेलासकट जाळलं.

१९ एप्रिल १९५५ ला न्येरीतच कॉर्बेट वारले. तोवर छोटी हल्द्वानीच्या कुळांचा शेतसारा ते केनियातून दर वर्षी भरत होते. पुढे जमिनी कुळांच्या नावावर झाल्या.