मक्याच्या दाण्यात तुटका डीएनए पाहणाऱ्या बार्बराबाई

पावसाळ्यात घाटकोपर स्टेशनबाहेर लिंबू-मीठ चोळलेलं कणीस खाताना मला हमखास बार्बरा मॅक्लिंटॉक आठवतात. डीएनए तुटला तर पेशी तो कसा जोडते आणि कुठे फसते, हे मला पहिल्यांदा नीट कळलं ते या बाईंच्या मक्यामुळे.

जन्म 16 जून 1902, अमेरिकेतल्या हार्टफर्डचा. 1927 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. विषय मक्याची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्या. डीएनएची रचना तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. हाताशी होता फक्त सूक्ष्मदर्शक.

1931 पासून त्या क्ष-किरणांनी मोडलेली गुणसूत्रं पाहत होत्या. पुढे त्यांच्या लक्षात आलं की तुटलेली टोकं एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना ताणली जाऊन पुन्हा तुटतात, पुन्हा चिकटतात. हेच चक्र आज कर्करोगाच्या पेशींतही दिसतं. गुणसूत्राची मूळची टोकं मात्र अशी चिकटत नाहीत. म्हणजे टोकांना काहीतरी टोपण असणार! ते टोपण म्हणजे एकच छोटा मजकूर शेकडो-हजारो वेळा लिहिलेला, हे खूप नंतर कळलं. माणसात तो टीटीएजीजीजी असा आहे.

1941 मध्ये त्या कोल्ड स्प्रिंग हार्बरला आल्या. तिथे त्यांना एक गुणसूत्र सारखं एकाच जागी तुटताना दिसलं. तुटलेल्या तुकड्याबरोबर रंगाशी संबंधित जनुक जायचं आणि दाण्यावर ठिपके उमटायचे. गंमत म्हणजे ती जागाच गुणसूत्रावर उडी मारून हलत होती! या उडणाऱ्या तुकड्याच्या दोन प्रती एकमेकींत अडकलेल्या असल्या की तिथे मोड होते, असं आज आपल्याला माहीत आहे.

सारख्या प्रतींजवळ घोळ का होतो? तुटलेला डीएनए जोडायच्या ढोबळ दोन वाटा आहेत. टोकाला टोक चिकटवा, नाहीतर जुळणारी अक्षरं शोधून त्यांच्या आधाराने जोडा. पण तीच अक्षरं दहा ठिकाणी असली तर? गणपतीत आरती म्हणताना आपलं काय होतं आठवा. ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर तेच, म्हणून पहिल्यानंतर आपण थेट तिसऱ्यात शिरतो आणि दुसरं कडवं गळतं. पेशीही अशीच एका प्रतीवरून दुसरीवर जाते आणि मधला डीएनए कायमचा गळतो. आरतीत शेजारच्या काकू सावरून घेतात, पेशीत तशी सोय दर वेळी नसते.

1951 मध्ये बाईंनी उडणाऱ्या तुकड्यांची ही कहाणी शास्त्रज्ञांसमोर मांडली. प्रतिसाद थंड होता. जनुकं माळेतल्या मण्यांसारखी जागेवर बसलेली, हाच तेव्हाचा समज. काही वर्षांत त्यांनी या विषयावर छापणं जवळपास थांबवलं, पण मका लावणं थांबवलं नाही. पुढे जीवाणूंतही असे तुकडे सापडले आणि लोक त्यांच्या जुन्या निबंधांकडे वळले. 1983 मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, त्यांना एकटीला वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. 2 सप्टेंबर 1992 रोजी त्या गेल्या.

मक्याच्या डीएनएपैकी सुमारे 85 टक्के भाग अशा तुकड्यांचा आहे, असं आता आपण मोजलंय. बाईंना ते दाण्यावरच्या ठिपक्यांत दिसलं होतं. कुणी मानो न मानो, त्या दाणे मोजत राहिल्या, हे मला जास्त मोठं वाटतं.