आवर घालणारा मेंदू : इव्हान सेचेनोव्ह

थोर शास्त्रज्ञ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर न्यूटन, डार्विन, मादाम क्यूरी, सर सी. व्ही. रामन अशी नावे उभी राहतात. कुत्र्यांवर प्रयोग करणारे पाव्हलॉव्ह हेही मानसशास्त्राच्या पुस्तकांमुळे पुष्कळांच्या परिचयाचे असतात. परंतु ज्यांना हे पाव्हलॉव्ह रशियन शरीरक्रियाविज्ञानाचे जनक मानीत, त्या इव्हान मिखाइलोविच सेचेनोव्ह यांचे चरित्र आपल्याकडे फारसे वाचले जात नाही. रशियात मात्र त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मॉस्कोच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचेच नाव दिलेले आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने शास्त्रज्ञावर का लिहावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल.

मेंदू आपल्याकडून हालचाल करवून घेतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु रागाच्या भरात उगारलेला हात जागीच थांबतो, ओठांवर आलेला कडू शब्द गिळला जातो, परीक्षेच्या आदल्या दिवशी सिनेमाचा मोह टळतो, तो कोणाच्या जोरावर? हा आवर घालण्याचा व्यापारदेखील मेंदूचाच आहे. शास्त्रात त्याला रोधन म्हणतात. हे रोधन प्रयोगाने दाखवून देण्याचा मान सेचेनोव्ह यांच्याकडे जातो.

त्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८२९ रोजी सिंबिर्स्क प्रांतातील त्योप्ली स्तान ह्या खेड्यात झाला. वडील जमीनदार होते, तर आई मूळची भूदास शेतकऱ्याच्या घरातली. इव्हान हे सर्वांत धाकटे अपत्य. वडील लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताची झाली. त्यामुळे सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले. फ्रेंच आणि जर्मन ह्या भाषा त्यांनी घरीच शिकून घेतल्या. पुढे ह्या भाषांनीच त्यांना युरोपचे दार उघडून दिले. १८४३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांना सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी अभियांत्रिकी विद्यालयात घालण्यात आले. तेथे गणित आणि भौतिकशास्त्र पक्के झाले. पण लष्करी जीवनात मन रमले नाही. कीव्ह येथे थोडा काळ अधिकारी म्हणून काढल्यावर १८५० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. हातची नोकरी सोडून हा तरुण मॉस्कोला वैद्यक शिकण्यासाठी गेला आणि १८५६ मध्ये पदवीधर झाला.

आईच्या मृत्यूनंतर वाट्याला आलेला पैसा त्यांनी जमीनजुमल्यात न घालता परदेशी शिक्षणात घातला. बर्लिन, व्हिएन्ना, हायडेलबर्ग येथे म्यूलर, द्यू ब्वा-रेमाँ, लुडविग, हेल्महोल्ट्झ अशा नामवंतांच्या हाताखाली ते शिकले. हायडेलबर्गला त्यांची मेंडेलेव्ह यांच्याशी मैत्री जमली. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारे तेच हे मेंडेलेव्ह. १८६० मध्ये सेचेनोव्ह यांनी दारूच्या नशेचा शरीरावर होणारा परिणाम ह्या विषयावर प्रबंध सादर केला आणि पीटर्सबर्गच्या वैद्यक-शस्त्रक्रिया अकादमीत ते अध्यापक झाले. योगायोग असा की मद्याने मेंदूचा आवर ढिला पडतो, हे आज सर्वमान्य आहे. ज्या विषयाने त्यांचे नाव झाले, त्याच्या उंबरठ्याशी ते आधीच उभे होते म्हणायचे.

१८४५ साली वेबर बंधूंनी दाखवून दिले होते की एका विशिष्ट मज्जातंतूला उत्तेजित केले तर हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावतात, थांबतातही. उत्तेजन देऊन काम बंद पडते, ही गोष्ट त्या काळी चमत्कारिक वाटली. मग असे थांबवणारे काही खुद्द मेंदूत असेल काय? ह्या प्रश्नाचा पाठपुरावा सेचेनोव्ह यांनी १८६२ मध्ये पॅरिसला क्लोद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत केला. त्यासाठी त्यांना फार मोठी साधनसामग्री लागली नाही. बेडकाचा पाय अगदी सौम्य केलेल्या सल्फ्युरिक आम्लात बुडवला की तो काही क्षणांनी पाय वर ओढून घेतो. हा वेळ लंबकाच्या ठोक्यांनी मोजता येतो. सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या मेंदूचा पुढचा भाग काढून टाकला आणि उघड्या पडलेल्या थॅलॅमस नावाच्या भागावर साध्या मिठाचा खडा ठेवला. आता आम्लात बुडालेला पाय वर यायला पुष्कळ अधिक वेळ लागू लागला. कधी कधी तो वर येईचना. मीठ धुऊन काढले की पाय पुन्हा पहिल्यासारखा झटकन वर येई. पाय लुळा पडला नव्हता, वेदना पोचत नव्हती असेही नव्हते. मेंदूतून कोणीतरी त्याला थांबवून धरले होते.

ह्या निष्कर्षाचे महत्त्व असे की, न हलणे म्हणजे काहीच न घडणे, ही समजूत त्यामुळे डळमळली. थांबणे हेदेखील एक काम आहे. बैलगाडी उतारावर रोखून धरणाऱ्या गाडीवानाला जोर लावावाच लागतो. पाहणाऱ्याला मात्र गाडी सावकाश चालली आहे एवढेच दिसते.

परत आल्यावर १८६३ मध्ये सेचेनोव्ह यांनी मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रिया हा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. डोळ्यांत धूळ गेली की पापणी मिटते, तशा क्रियांना प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. तिचे तीन भाग असतात : बाहेरून आलेली संवेदना, मज्जासंस्थेतील प्रवास आणि शेवटी स्नायूंची हालचाल. सेचेनोव्ह यांचे म्हणणे असे की, माणसाच्या सर्व कृती, अगदी समजून-उमजून केलेल्यासुद्धा, उगमाच्या दृष्टीने अशाच असतात. मग विचार म्हणजे काय? तर पहिले दोन भाग झालेली आणि तिसरा भाग रोखून धरलेली क्रिया. लहान मूल मनात येईल ते हातापायांनी करून मोकळे होते. मोठे होता होता ते हालचाल आवरायला शिकते, आणि ह्या आवरण्यातूनच त्याला मनातल्या मनात विचार करता येऊ लागतो.

हा निबंध एका पुरोगामी वाङ्मयीन मासिकात यायचा होता. सेन्सॉरने तो तेथे येऊ दिला नाही. मग मथळा बदलून तो एका वैद्यकीय पत्रिकेत छापला गेला. १८६६ मध्ये त्याचे पुस्तक निघताच सरकारने प्रती जप्त केल्या. सर्व काही प्रतिक्षिप्त असेल तर पाप-पुण्याला अर्थ काय, गुन्हेगाराला शिक्षा कशी द्यायची, असा आक्षेप होता. बचावासाठी वकील कोणता देणार, असे मित्रांनी विचारल्यावर बेडूक घेऊन न्यायालयात जाण्याचा बेत सेचेनोव्ह यांनी बोलून दाखवला, अशी आठवण सांगितली जाते. खटला उभा राहिला नाही आणि १८६७ मध्ये पुस्तक सुटले.

आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. आजही तो विचारला जातो. परंतु सेचेनोव्ह यांच्या विचारातच त्याचे उत्तर आहे असे मला वाटते. माणूस निव्वळ ढकलला जाणारा प्राणी आहे असे त्यांनी म्हटले नाही. थांबण्याची शक्तीही निसर्गाने त्याच्या मेंदूत ठेवली आहे आणि ती बालपणापासूनच्या वळणाने, संस्काराने घडते, असे म्हटले. मग शिक्षणाची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. झारच्या सरकारला केवळ बाहेरून घातलेला लगाम माहीत होता. आतल्या लगामाचा अभ्यास करणाऱ्या माणसाची त्याला भीती वाटली.

स्वतः सेचेनोव्ह तत्त्वाला धरून वागणारे होते. स्त्रियांना अकादमीत व्याख्याने ऐकण्याची मुभा होती, तेवढ्या काळात त्यांनी नादेझ्दा सुस्लोव्हा आणि मारिया बोकोव्हा ह्या विद्यार्थिनींना मनापासून शिकवले. पुढे बंदी आल्यावर दोघींनी झूरिकला जाऊन डॉक्टरची पदवी मिळवली. बोकोव्हा ह्याच त्यांच्या सहधर्मचारिणी. दोघांनी मिळून डार्विनचा एक ग्रंथ रशियनमध्ये आणला. मेच्निकोव्ह ह्या तरुण शास्त्रज्ञाला अकादमीने नाकारले, तेव्हा सेचेनोव्ह यांनी १८७० मध्ये आपल्या जागेचा राजीनामा दिला आणि काही काळ मेंडेलेव्ह यांच्या रसायनशाळेत काम केले. ह्याच मेच्निकोव्ह यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर ओडेसा, पीटर्सबर्ग आणि मॉस्को येथील विद्यापीठांत सेचेनोव्ह यांनी अध्यापन केले व रक्तातील वायूंवर मोलाचे संशोधन केले.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष श्रमाकडे वळले, आणि येथे आम्हा वाणिज्यवाल्यांचा संबंध येतो. कामगाराने दिवसाला किती तास राबावे, ह्याचा विचार त्यांनी शरीरशास्त्राच्या आधारे केला. हृदय अहोरात्र चालते असे आपण म्हणतो. पण प्रत्येक ठोक्यानंतरच्या विश्रांतीचा हिशेब केला तर २४ तासांत ते सुमारे ८ तासच काम करते, हे त्यांनी पुढे मांडले. थकलेल्या उजव्या हाताला नुसते स्वस्थ ठेवण्यापेक्षा त्या वेळात डाव्या हाताला काम दिले तर उजव्याचा थकवा अधिक चांगला जातो, असेही त्यांना प्रयोगात आढळले. आपल्या देशात १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तो कलमे पाठ करण्याचा विषय म्हणून आम्ही वाचतो. त्या आकड्यांमागे माणसाचे हृदय आणि स्नायू आहेत, हे ह्या चरित्राने लक्षात येते. सत्तरी ओलांडल्यावर ते मॉस्कोत कामगारांच्या वर्गांना शिकवू लागले. सरकारने तेही बंद पाडले. १५ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा विचार मात्र थांबला नाही. पाव्हलॉव्ह यांनी तो पुढे नेला. एक स्नायू आखडताना त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू सैल सोडला जातो आणि त्यामागे रोधन असते, हे इंग्लंडचे शेरिंग्टन यांनी सिद्ध केले. त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य एकल्स यांनी एकेका मज्जापेशीत रोधन कसे घडते ते दाखवले आणि १९६३ मध्ये तेही ह्या सन्मानाचे मानकरी झाले. सेचेनोव्ह यांना वाटले तसे रोधनाचे एकच केंद्र मेंदूत नाही. थांबवणाऱ्या पेशी मज्जासंस्थेत सर्वत्र पसरलेल्या आहेत, असे आज समजते. आजचे संशोधक माणसाला खूण दिसताच बटण दाबायला सांगतात आणि मध्येच एखाद्या वेळी थांबण्याचा इशारा देतात. निघालेला हात थांबवायला मेंदूला सुमारे पाव सेकंद लागतो. ह्या कामात कपाळामागच्या भागाचा वाटा मोठा असतो, आणि हा भाग पूर्ण पक्व व्हायला विशी उलटून जावी लागते.

म्हणजे आम्हा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा लगाम अजून तयार होत आहे! वडीलधाऱ्यांनी ह्यावरून आमच्या उतावळेपणाला थोडी क्षमा करावी. आम्ही मात्र त्याची सबब करू नये. जे घडत असते त्यालाच चांगले वळण लावता येते. दोन घटका थांबून विचार करणारा माणूस दुबळा नसतो. त्याच्या आत त्या क्षणी मोठे काम चाललेले असते. मिठाच्या एका खड्याने सेचेनोव्ह यांनी जगाला हेच दाखवून दिले.