दिव्यापलीकडच्या नाइटिंगेलबाई

शाळेच्या पुस्तकात भेटलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्या सर्वांच्याच ओळखीच्या आहेत. हातात दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणाऱ्या कनवाळू परिचारिका! पण युद्धावरचे ते काम दोन वर्षांचेही नव्हते. त्यानंतर बाई ५४ वर्षे जगल्या. त्यातला बराच काळ आजारपणामुळे खोलीतच गेला. तिथून त्यांनी जे काम केले, ते दिव्याइतके देखणे नाही. पण माणसे त्यानेच अधिक वाचवली. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या सरकारी खात्यांना त्यांनी एकाच आकड्याला जबाबदार धरायला शिकवले.

१२ मे १८२० रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात एका सुखवस्तू इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. गणिताची त्यांना ओढ होती. रुग्णसेवा म्हणजे हलके काम, असे मानण्याचा तो काळ. घरच्यांचा विरोध सोसून त्या १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैझर्सवर्थला शिकायला गेल्या. क्रिमियाचे युद्ध पेटल्यावर, १८५४ मध्ये, सिडनी हर्बर्ट या मंत्र्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिका घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या.

तिथे त्यांना काय दिसले? औषधोपचार एका खात्याकडे, सामान दुसऱ्याकडे, रसद तिसऱ्याकडे. प्रत्येकाचे नियम वेगळे, वह्या वेगळ्या. नियमाप्रमाणे काम केल्याचे समाधान सर्वांना होते आणि माणसे मरत होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर शंभर जणांमागे सुमारे ४२ मृत्यू नोंदले गेले. मार्चमध्ये सरकारने पाठवलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण दोनाच्या आसपास आले.

१८५६ मध्ये मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने बाईंनी सगळे आकडे पुन्हा मांडले. शत्रूच्या गोळ्यांपेक्षा रोगराईने कितीतरी अधिक शिपाई मारले होते. त्याहून धक्कादायक म्हणजे, शांततेच्या काळात इंग्लंडच्या बराकींत राहणारे धडधाकट तरुण शिपाईदेखील त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात दगावत होते.

मग मोजमाप ठरले. शिपायाचा मृत्युदर नागरिकाच्या पातळीवर आला पाहिजे! हे कोणा एका खात्याचे काम नव्हते. १८५७ च्या शाही आयोगानंतर हर्बर्ट यांच्या पुढाकाराने चार उपसमित्या झाल्या. बराकींची सुधारणा, आरोग्याचे नियम, लष्करी वैद्यकीय शाळा आणि आकडेवारी अशी त्यांची वाटणी होती. कामे चार, पण कसोटी एकच. मंत्र्यांना रुक्ष तक्ते वाचायला वेळ नसतो हे ओळखून बाईंनी रंगीत वर्तुळाकार आकृत्या काढल्या. प्रत्येक रुग्णालयाने आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवल्या तर तुलना कशी करणार? म्हणून १८६० च्या लंडनमधील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्वांसाठी एकसारखा तक्ता मांडला.

हीच पद्धत त्यांनी हिंदुस्थानासाठी वापरली. १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगासाठी इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या गेल्या. पाणी कुठून येते, गटारे कुठे जातात, असे साधे प्रश्न. १८६३ च्या अहवालातून दिसले की गोऱ्या फौजेत दर हजारी ६९ शिपाई दरवर्षी मरत होते. पुढच्याच वर्षी मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत स्वच्छता आयोग स्थापन झाले. १८७३ मध्ये बाईंनी हिशेब मांडला, तेव्हा ६९ चा आकडा १८ वर आला होता. त्यांनी स्वतः हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही.

इथे दुसरा कोणी समाधानाने थांबला असता. बाईंना मात्र छावणीच्या कुंपणाबाहेरची माणसे दिसू लागली. शिपायाच्या मृत्यूचा जाब विचारणारे आयोग होते. दख्खनच्या दुष्काळात मरणाऱ्या कुणब्याचा जाब कोण विचारणार? कालवे, सावकारी कर्ज, गावची स्वच्छता यांवर त्या लिहू लागल्या. दादाभाई नौरोजी, विल्यम वेडरबर्न यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही होता. गावातून गोळा होणाऱ्या करातला पैसा आधी त्याच गावाच्या स्वच्छतेला मिळावा, अशी मागणी त्यांनी १८९२ च्या सुमारास भारतमंत्र्यांकडे केली. ती मान्य झाली नाही.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. आज कोणतीही सरकारी योजना उद्दिष्टांची भाषा बोलते. बैठकीत टक्केवारी वाचली जाते. अशा वेळी बाईंच्या आयुष्याकडे पाहून दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा सर्व खात्यांचा मिळून आहे की प्रत्येकाचा वेगळा? आणि त्यात कोणाची माणसे मोजली आहेत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाईंनी सरकारकडून मिळवले. दुसऱ्यासाठी त्या म्हातारपणापर्यंत पत्रे लिहीत राहिल्या.