डॉक्टर ग्राम व त्यांची रंगपरीक्षा

सूक्ष्मदर्शकाखालीं बहुतेक जंतु पारदर्शक दिसतात. त्यांची जात ओळखावी कशी, हा एकोणिसाव्या शतकांतील वैद्यांस मोठा पेंच होता. तो सोडविण्याच्या कामीं ज्यांचें नांव आम्ही आदरानें घेतों, ते हान्स ख्रिस्तिआन ग्राम १८५३ सालीं कोपनहेगन येथें जन्मले. प्रथम वनस्पतिशास्त्रांत रमून ते वैद्यकाकडे वळले. १८८४ सालीं बर्लिन येथें फ्रीडलेंडर यांच्याजवळ ते न्युमोनियानें मेलेल्यांच्या फुप्फुसांचे काप तपाशीत असत. काप जांभळ्या रंगांत, मग आयोडिनांत बुडवून अल्कोहोलनें धुतले, तों कांहीं जंतु जांभळेच राहिले. कांहींचा रंग साफ उतरला! न्युमोनियाचा जंतु कोणता, याविषयीं फ्रीडलेंडर व फ्रेंकेल यांचा वाद होता. उभयतांचे जंतु निराळे, हें या परीक्षेनें पुढें कळून आलें.

आपली पद्धति अपुरी आहे, असें ग्राम यांनीं निबंधांतच कबूल केलें होतें. हा विनय आम्हांस शोधाइतकाच मोलाचा वाटतो. जाड भित्तिकेमुळें रंग टिकतो, हें पुष्कळ काळानें उमगलें. जंतु कोणती साखर आंबवितो, हें पाहणाऱ्या झटपट रासायनिक परीक्षा आतां आहेत. तरी आरंभ बहुधा याच रंगानें होतो. कोपनहेगन येथें प्राध्यापकी करून ग्राम १९२३ सालीं निवृत्त झाले व १९३८ सालीं वारले.