हरवलेले द्रव्य आणि डॉ. होमी भाभा

डॉ. होमी जहांगीर भाभा हे नाव उच्चारताच अणुशक्ती आठवते. विश्वातील हरवलेल्या द्रव्याचा माग काढणाऱ्या रेडिओ खगोलशास्त्राला मुंबईत घर मिळाले तेही त्यांच्यामुळेच, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. १९२७ साली केंब्रिजला गेलेल्या होमींनी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळवला. मन मात्र भौतिकशास्त्रात रमले. अवकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणात कणांचा वर्षाव कसा घडवतात, याचा सिद्धान्त त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडला. १९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले, महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली.

आधी माणूस हेरावा, मग त्याच्याभोवती विभाग उभारावा, ही त्यांची रीत होती. १९६१ साली परदेशातील चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी काम करण्याची तयारी त्यांना कळवली. काही महिन्यांतच भाभांचा होकार गेला. त्यांपैकी डॉ. गोविंद स्वरूप १९६३ मध्ये मुंबईत दाखल झाले. १९६५ साली कल्याणजवळ ३२ लहान तबकड्यांची दुर्बीण सूर्याचा वेध घेऊ लागली.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे ५६ होते. पुढे १९७० साली उटीची दुर्बीण सुरू झाली आणि नंतर जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी उभी राहिली.

विश्वात अणूंनी बनलेले साधे द्रव्य सुमारे ५ टक्केच आहे. त्यातलाही मोठा भाग वर्षानुवर्षे हिशेबात सापडत नव्हता. दीर्घिकांमधील पोकळीत तो अतिविरळ, तप्त वायूच्या रूपाने पसरला असावा, असा कयास होता. अशा वायूतून येताना रेडिओ लहरींना किंचित विलंब होतो. दूरच्या क्षणिक रेडिओ स्फोटांचा हाच विलंब मोजून २०२० साली ऑस्ट्रेलियातील दुर्बिणीने ही तूट भरून काढली. त्याच वर्षी जीएमआरटीने सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधील हायड्रोजन वायू मोजून, ताऱ्यांची निर्मिती पुढे का मंदावली, याचे उत्तर दिले. तारे घडवणारा वायू तेव्हाच वेगाने संपत आला होता.

यातील कोणताही निष्कर्ष भाभांना पाहता आला नाही. कल्याणची दुर्बीण तेवढी त्यांच्या हयातीत उभी राहिली. मात्र तरुणांवर वेळेवर टाकलेल्या त्यांच्या विश्वासाचे फळ खोडदच्या माळावर आजही दिसते.