रंग न ओळखणारा इंजिनिअर

ई अँड टीसीच्या मुलांना सुरुवातीलाच रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे वाचायला शिकवतात. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक किलोओहम. आता समजा एखाद्याला रंगच नीट ओळखू येत नाहीत. त्याचं काय होणार? अशा एका माणसाचं आडनाव आपल्या भागातल्या कितीतरी विहिरींवरच्या पंपांवर लिहिलेलं असतं. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे झाला. शाळेत मन रमेना. नाद दोनच, चित्रं आणि यंत्रं. वडिलांची नाराजी असूनही थोरले भाऊ रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे दोन वर्षांनी कळलं, की आपल्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही. चित्रकार होण्याचं स्वप्न तिथेच संपलं. आपल्यातला कोणी असता तर बॅग भरून गावी परतला असता. पण रंग गेले तरी रेषा हातात होतीच. त्याच रेषेवर ते मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षक झाले. शिकवता शिकवता वर्कशॉपमधली यंत्रंही त्यांनी समजून घेतली. आजकाल प्लेसमेंटवाले ज्याला ट्रान्सफरेबल स्किल म्हणतात ते हेच असावं, फक्त तेव्हा त्याचं सर्टिफिकेट मिळत नव्हतं!

हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली म्हणून १८९७ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन भावाबरोबर सायकलच्या दुकानात लक्ष घातलं. मुंबईचा मास्तर आता पंधरा रुपये फी घेऊन लोकांना सायकल शिकवू लागला. मला हा भाग फार आवडतो. त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही.

मग आलं कडबा कापण्याचं यंत्र आणि त्यानंतर लोखंडी नांगर. आपल्यासारख्या काळ्या जमिनीत हरळी उपटायची तर नांगर खोल जायला हवा, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या पोराला माहीत आहे. पण तेव्हाच्या शेतकऱ्यांना वाटे की लोखंडाने जमिनीत विष भिनतं. जवळजवळ दोन वर्षं नांगर पडून राहिले. शेवटी जोशी नावाच्या एका गृहस्थांनी सहा नांगर घेतले. शेतात चालवल्यावर लक्षात आलं की फाळाचं टोक पुरेसं टणक नाही. लक्ष्मणरावांनी फाळ सुधारला आणि पुढचे नांगर विकले जाऊ लागले.

इथे थोडं थांबून आपल्या फायनल इयर प्रोजेक्टकडे बघू या. जमिनीचा ओलावा मोजून मोटर चालू-बंद करणारं सर्किट दरवर्षी कुठला तरी ग्रुप करतोच. त्यातली किती सर्किट्स खऱ्या शेतात एक उन्हाळा तरी काढतात? एक्सटर्नल येतात, एलईडी लागतो, मार्क मिळतात आणि बोर्ड कपाटात जातो. पुढच्या वर्षीच्या मुलांना ना त्याचा सर्किट डायग्राम मिळतो, ना त्यावरचा मायक्रोकंट्रोलर काढता येतो, कारण तो सॉकेट न लावता थेट सोल्डर केलेला असतो. पाच-दहा रुपयांचं सॉकेट वाचवायचं आणि शेकडो रुपयांचा आयसी भंगारात घालायचा, हा कुठला हिशोब? सोलरवर चालणाऱ्या प्रोजेक्टचीही हीच गत. नाव पर्यावरणाचं आणि शेवट ई-कचऱ्यात.

लक्ष्मणरावांना फेकून देणं परवडणारं नव्हतं. बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. जमीन म्हणजे निव्वळ माळ, निवडुंग आणि साप. १९१० साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. थोड्याच वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि कोळसा, लोखंड, रंग सगळ्यांचीच टंचाई झाली. भट्टीत कोळशाऐवजी लाकूड आलं. रंग इथेच बनवायची खटपट झाली. लोखंडासाठी तर कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी जुन्या, पडून राहिलेल्या तोफा दिल्या असं सांगतात. त्या वितळवून नांगर ओतले गेले. रिसायकलिंगचं याहून झकास उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

नांगरांनंतर शेंगा फोडायची यंत्रं, उसाचे चरक, पंप असं करत कारखाना वाढतच गेला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला सरकारने त्यांचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव आता किर्लोस्करवाडी आहे. पुण्याहून मिरजेकडे जाताना ते लागतं.